एक खुर्ची, एक दिवा... आपल्या नावाचा!

परवा एका मैत्रिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि तोंडातून आपसूक ‘वा!’ निघालं. हॉलभर पसरलेला एल आकाराचा पांढराशुभ्र सोफा, समोर काचेचा टीपॉय आणि वर छताला काचेच्या लोलकांचं भलंथोरलं झुंबर. येणारी प्रत्येक बाई आधी मान वर करून झुंबराकडे बघत होती आणि मग हळूच विचारत होती, ‘‘केवढ्याला गं?’’

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. आम्ही दोघीतिघी मागे रेंगाळलो. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून माझी मैत्रीण त्या सोफ्यावर एकदाही टेकली नव्हती. दमून बसली ती स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सासूबाई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसलेल्या. ‘‘त्या सोफ्यात बसलं की उठता येत नाही गं बाई, दोघांनी हात द्यावा लागतो,’’ त्या म्हणाल्या. उरलंसुरलं काढून ठेवायला आम्ही ओट्यापाशी गेलो, तर तिथे अंधुक उजेड. ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर. म्हणजे ओट्यासमोर उभं राहिलं की आपलीच सावली सुरीवर! बाहेर झुंबर लखलखत होतं आणि जिथे रोज चार-पाच तास हात चालतात तिथे कोथिंबीर निवडायलाही नीट दिसत नव्हतं.

‘‘अगं, सगळं बजेट हॉलमध्येच संपलं,’’ मैत्रीण हसत म्हणाली.

मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. किती घरांत हे असंच होतं नाही? आयुष्यभराची पुंजी आणि वर वीस वर्षांचं कर्ज घालून घर घ्यायचं, आणि त्यातली सर्वांत देखणी, सर्वांत महागडी वस्तू घ्यायची ती महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी! घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला उरतं ते उरलेल्या पैशांतलं.

मैत्रिणींनो, घर देखणं असू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट ते असावंच. हल्ली इंटिरिअरवाले ज्याला ‘स्टेटमेंट पीस’ म्हणतात, म्हणजे आत येताच नजरेत भरणारी, त्या खोलीची ओळख ठरणारी एखादी वस्तू, तीही जरूर असावी. प्रश्न एवढाच आहे की ती वस्तू कोणासाठी घ्यायची?

गाजलेल्या वस्तूंच्या गोष्टी

गंमत म्हणजे, जगभर ज्या खुर्च्या, टेबलं आणि दिवे ‘स्टेटमेंट’ म्हणून मिरवले जातात, त्यांतले कितीतरी कोणाच्या तरी अगदी साध्या गरजेतून जन्माला आले आहेत.

आयलीन ग्रे ही मूळची आयर्लंडची, पॅरिसमध्ये स्थायिक झालेली डिझायनर. तिने १९२० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी एक घर बांधलं. त्या घरासाठी तिने एक छोटं गोल टेबल केलं. वर काच, खाली चकचकीत नळीची चौकट. टेबलाची उंची कमी-जास्त करता येते आणि त्याचा पाय पलंगाखाली सरकतो, त्यामुळे काच थेट मांडीवर येते. तिच्या बहिणीला अंथरुणात बसून नाश्ता करायला आवडायचा आणि तिच्यासाठी ही युक्ती केली, असं सांगितलं जातं. आज हे टेबल मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. आणि आपल्याकडे आजारी माणसाच्या पलंगाशी काय ठेवतो आपण? एक डगमगतं स्टूल!

दुसरी गोष्ट इटलीतल्या अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांची. जेवणाच्या टेबलावर दिवा तर हवा, पण छताला भोक पाडायचं नाही. मग १९६२ मध्ये त्यांनी ‘आर्को’ नावाचा दिवा केला. जमिनीवर संगमरवराचा ठोकळा आणि त्यातून कमानीसारखा वाकत टेबलावर आलेला स्टीलचा दांडा. कमान इतकी मोठी ठेवली की बसलेल्या माणसाच्या मागून वाढणाऱ्याला सहज जाता यावं. ठोकळ्याचं वजन जवळजवळ ६५ किलो. मग तो हलवायचा कसा? त्यासाठी ठोकळ्याला आरपार भोक आहे. त्यात केरसुणीचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा! वाढणाऱ्याचा आणि झाडणाऱ्याचा असा विचार झालाय, म्हणून तर साठ वर्षं उलटली तरी तो दिवा जुना होत नाही.

डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेनने १९२० च्या दशकापासून जन्मभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. बल्ब डोळ्यांत खुपता कामा नये. त्याने एकाखाली एक अशा वाट्यांसारख्या शेड रचल्या, म्हणजे उजेड खाली टेबलावर पडतो पण उघडा बल्ब कुठूनही दिसत नाही. त्याचा १९५८ चा ‘पीएच ५’ हा दिवा आजही तिकडे जेवणाच्या टेबलावर लटकतो. पुढच्या वेळी दुकानात उघड्या बल्बांचा ‘फॅन्सी’ दिवा आवडला, तर पाच मिनिटं त्याच्या खाली बसून बघा. डोळे मिटावेसे वाटले, तर तो दिवा शोभेचा, कामाचा नाही.

आणि आपल्या देशातली गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. १९५० च्या दशकात चंदीगड शहर उभं राहत होतं. तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयं यांच्यासाठी पिएर जानरे या वास्तुकाराच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या साध्यासुध्या खुर्च्या झाल्या. उर्मिला युली चौधरी ही त्या चमूतली भारतीय वास्तुकार. या फर्निचरच्या रचनेत तिचाही वाटा आहे. आपल्या हवेला साजेशी, घाम न धरणारी वेताची बैठक, कैचीसारखे तिरके पाय, इथल्या सुतारांना करता येईल असं काम. पुढे या खुर्च्या जुन्या झाल्या, मोडल्या, गच्चीवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावात विकल्या गेल्या. त्याच खुर्च्या परदेशात पॉलिश होऊन लिलावात लाखांनी जाऊ लागल्या, तेव्हा आपले डोळे उघडले! २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हे फर्निचर जपण्याबाबत आदेश काढला.

तात्पर्य काय, तर माळ्यावरची आजोबांची आरामखुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी एकदा नीट पुसून बघा!

एका खोलीत एकच बोलकी वस्तू

शोरूममध्ये गेलं की सगळंच आवडतं. पण ज्या खोलीत सोफाही बोलतो, टीपॉयही बोलतो, पडदेही बोलतात आणि वर झुंबरही ओरडतं, तिथे कोणाचंच ऐकू येत नाही. लग्नातल्या जेवणात बासुंदी, जिलबी आणि आइस्क्रीम एकाच ताटात आल्यावर होतं तसं! एका खोलीत एकच वस्तू ठसठशीत घ्या. बाकीच्यांनी तिला साथ द्यायची. रंगीत, नक्षीदार झोपाळा असेल तर सोफा साधा, एकरंगी. दिवा मोठा आणि वेगळा असेल तर त्याच्याखालचं टेबल शांत.

ती वस्तू निवडण्याआधी एक साधा उद्योग करा. वहीचं एक पान घ्या आणि आठवडाभर टिपा. घरातलं कोण, कुठे, किती वेळ आणि काय करत बसतं? सकाळचा चहा कुठे होतो? मुलं अभ्यासाला खरंच ‘स्टडी’मध्ये बसतात की डायनिंग टेबलवर? सासरे पेपर कुठे वाचतात? आणि तुम्ही? तुमच्या नावापुढे ओटा, बेसिन आणि वॉशिंग मशीन याशिवाय काही लिहिलं गेलं का? नसेल, तर पहिली खुर्ची तुमची. भांडण करायचं नाही, फक्त यादीत सर्वांत वर लिहायचं!

आता मापाचं बोलू. वस्तू आवडली की आपण रंग बघतो, कापड बघतो आणि टेप मात्र घरीच विसरतो. खुर्ची किंवा सोफ्याची बैठक जमिनीपासून १७-१८ इंचांवर असली की बहुतेकांना नीट बसता-उठता येतं. हल्लीचे बुटके, खोल सोफे फोटोत छान दिसतात, पण गुडघे दुखणाऱ्यांना ती शिक्षाच. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर बैठक थोडी उंच, फोम जरा कडक आणि हातांना भक्कम आधार असलेली एक तरी खुर्ची हॉलमध्ये हवीच. तीच देखणी निवडा ना! मग त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसायची वेळ येणार नाही.

सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फुटाचं अंतर पुरे. त्याहून जवळ आला तर नडग्या फुटतात, लांब गेला तर कप ठेवायला उठावं लागतं. डायनिंग टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत निदान तीन फूट सोडा, नाहीतर एक जण उठला की सगळी रांग उठते. आवडलेल्या सोफ्याचं माप घेऊन घरी या, जमिनीवर वर्तमानपत्रं तेवढ्याच आकारात पसरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेने वावरा. कपाटाचं दार उघडतं का? केर काढता येतो का? गॅलरीत कपडे वाळत घालायला जाताना पाय अडखळतो का? दोन दिवसांत कळतं. आणि हो, सोसायटीच्या लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप विसरू नका. तिसऱ्या मजल्यावर दोर लावून बाल्कनीतून चढवलेले सोफे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत!

लाकडाचं म्हणाल, तर ‘सॉलिड वूड’ या दोन शब्दांवर विसंबून राहू नका. कोणतं लाकूड ते विचारा. सागवान महाग, पण आपल्या पावसाळ्याला आणि वाळवीला इतरांहून चांगलं तोंड देतं. शिसम जड आणि टिकाऊ. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, मात्र ते नीट वाळवलेलं आणि भुंग्यासाठी प्रक्रिया केलेलं आहे ना, याची खात्री करा. प्लायवूडचं काम सुताराकडून करून घेत असाल, तर फळीवरचा शिक्का स्वतः वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो पाण्याजवळच्या ओल्या जागी. आयएस ३०३ हा नेहमीच्या वापराचा. एमडीएफ दिसायला गुळगुळीत, पण पाणी लागलं की फुगतं. ओलाव्याच्या जागी ते नकोच. टीपॉयची काच ‘टफन्ड’ असावी. आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत चामड्यासारख्या दिसणाऱ्या रेक्झिनचे पापुद्रे काही वर्षांत निघायला लागतात, त्यापेक्षा काढून धुता येतील असे कापडी अभ्रे बरे.

उजेडाचं गणित

फर्निचरवर आपण महिनोन् महिने विचार करतो आणि दिव्यांचं सगळं इलेक्ट्रिशियनवर सोपवतो. तो बिचारा प्रत्येक खोलीत एक ट्यूब आणि दरवाजाशी एक बल्ब लावून मोकळा होतो. खरं तर उजेड तीन प्रकारचा लागतो. एक, खोलीभर पसरणारा. दुसरा, कामाच्या जागी नेमका पडणारा. आणि तिसरा, हौसेचा, म्हणजे एखाद्या चित्रावर, कोनाड्यावर किंवा देवघरावर पडणारा. आपल्या घरात पहिला असतो, हल्ली तिसऱ्यावर भरपूर खर्च होतो आणि मधला, कामाचा, नेमका राहून जातो.

पूर्वी आपण बल्ब वॅटवर घ्यायचो. साठचा, शंभरचा. आता एलईडीच्या खोक्यावर ‘ल्युमेन’ बघायचे, कारण तो उजेडाचा खरा आकडा. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड देत असे. तेवढाच उजेड आज साधारण ९ वॅटच्या एलईडीत मिळतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या संशोधनासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या ओट्यावरच्या त्या छोट्याशा पट्टीत नोबेल आहे बरं का!

दुसरा आकडा ‘केल्विन’. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. संध्याकाळी बसायच्या जागी, बेडरूममध्ये आणि जेवणाच्या टेबलावर तो छान वाटतो. ४००० च्या आसपास पांढरा, स्वच्छ उजेड. तो ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ‘जास्त पांढरा तो जास्त उजेड’ अशी एक समजूत आहे, म्हणून घरभर तोच लावला जातो आणि मग घराला दवाखान्याची कळा येते. एकाच खोलीत दोन जातींचे पांढरे मात्र शेजारी शेजारी लावू नका, दोन्ही मळके दिसतात.

तिसरा आकडा ‘सीआरआय’. या दिव्याखाली रंग किती खरे दिसतील ते तो सांगतो. शंभरपैकी नव्वद किंवा अधिक असेल तर उत्तम. आरशाजवळ आणि ओट्यावर तरी एवढा दिवा घ्याच. हळद पडली किती, कांदा लाल झाला की करपला, निळा ब्लाउज काळा तर नाही ना, हे सगळं त्यावर ठरतं!

आता ओट्याकडे. भिंतीवरच्या कपाटांच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेशी एलईडीची पट्टी लावा. उजेड समोरून येतो, सावली मागे पडते. आधीच झालेल्या स्वयंपाकघरातही हे काम एका दिवसात होतं आणि खर्च झुंबराच्या चार लोलकांएवढा! शिवाय एक नियम ध्यानात ठेवा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट होतो. म्हणूनच छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा खुर्चीशेजारचा छोटा दिवा वाचायला बरा.

हे वय वाढलेल्या डोळ्यांसाठी तर फारच महत्त्वाचं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो. ‘‘दिवसाढवळ्या काय दिवे लावता?’’ असं सासऱ्यांना किंवा आईला म्हणण्याआधी हे आठवा. त्यांच्या पेपरच्या खुर्चीशी एक दिवा ठेवा आणि त्याचं बटण बसल्या जागी हाताशी येईल असं बघा. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत एखादा मंद दिवा असला, तर पडझड टळते.

पंखा की झुंबर?

आपल्या घरांची खरी अडचण वेगळीच आहे. मासिकांतल्या फोटोत खोलीच्या मधोमध झुंबर असतं. आपल्या खोलीच्या मधोमध असतो पंखा! आणि एप्रिल-मेमध्ये तो काढायची कोणाची हिंमत नाही. पंख्याच्या पात्यांच्या वर किंवा अगदी लगत दिवे लावले, तर पाती फिरताना सावल्या लपलपतात आणि डोकं दुखतं. त्यातून बहुतेक फ्लॅटची उंची नऊ-साडेनऊ फूट. फॉल्स सीलिंगने त्यातले चार-सहा इंच आणखी खाल्ले, की झुंबर उंच माणसाच्या टाळूशी येतं.

मग नजरेत भरणारा दिवा लावायचा कुठे? जिथे खालून कोणी चालत नाही तिथे. डायनिंग टेबलावर, कोपऱ्यातल्या टेबलावर, जिन्याच्या पोकळीत. टेबलाच्या पृष्ठभागापासून दिव्याची खालची कड अडीच ते तीन फूट उंच ठेवा. समोरच्याचं तोंडही दिसतं आणि ताटातला घासही. गोल दिवा असेल तर त्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा थोडी अधिक शोभते. अंदाज येत नसेल तर दिवाळीतला आकाशकंदील तेवढ्या उंचीवर दोन दिवस टांगून बघा!

आकाशकंदिलावरून आठवलं. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराने १९५१ मध्ये जपानच्या गिफू गावातले बांबू आणि कागदाचे पारंपरिक कंदील पाहिले आणि त्यातून ‘अकारी’ नावाचे दिवे घडवले. साधा कागद, बांबूच्या काड्या, आत बल्ब. आज ते जगभरच्या आधुनिक घरांत लटकतात. आणि आपण? दिवाळी संपली की कंदील घडी करून पोटमाळ्यावर!

दिवा जड असेल तर तो थेट स्लॅबमधल्या हुकावर घ्या, पीओपीच्या भरवशावर कधीच नको. उजेड कमी-जास्त करायचा डिमर लावणार असाल तर ‘डिमेबल’ लिहिलेलाच एलईडी घ्या, पंख्याचा जुना रेग्युलेटर त्यासाठी चालत नाही. आणि दिवा घेताना विचारा, बल्ब गेला तर नुसता बल्ब बदलता येईल की अख्खा दिवा फेकावा लागेल? शिडीवर न चढता पुसता येईल का? लोलक मोजा आणि दर दिवाळीत ते कोण पुसणार, हे आधीच ठरवा. उत्तर ‘मीच’ असेल, तर निर्णयही तुमचाच!

आपल्या मातीतलं

नजरेत भरणारी वस्तू इटलीचीच हवी असं थोडंच आहे? हॉलमध्ये सोफ्याच्या एका भागाऐवजी झोपाळा बांधून बघा. पितळी कड्या, सागवानी फळी. आलेला पाहुणा आधी त्यावरच बसतो, आणि दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की तो तुमचा! फक्त स्लॅब किंवा बीममध्ये योग्य क्षमतेचे अँकर फास्टनर जाणकाराकडूनच बसवून घ्या आणि झोका जाईल तेवढी पुढची-मागची जागा मोकळी ठेवा. गुजरातमधल्या संखेड्याचं लाखेचं रंगीत फर्निचर, सावंतवाडीचं लाखकाम केलेलं लाकडी सामान, गोव्यातल्या जुन्या घरांच्या व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या, पुण्याच्या तांबट आळीतलं तांब्यावरचं मठारकाम... यातली एकच वस्तू अगदी आधुनिक, साध्या खोलीत ठेवली तर कशी खुलून दिसते!

जुन्याची आवड असेल तर मुंबईत चोर बाजार, ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि पुण्यात जुना बाजार पालथा घाला. जुनी खुर्ची घेताना आधी उलटी करून बघा. सांधे हलतात का, पायांशी भुंग्याचा भुसा पडतो का, वेत कुठे तुटलाय? वेत नव्याने विणून मिळतो, पॉलिश होतं, पण पोखरलेला पाय बरा होत नाही. दिव्यांसाठी मुंबईची लोहार चाळ आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेच. तिथे जाताना आपल्या सोफ्याच्या कापडाचा तुकडा सोबत न्या आणि दिव्याच्या उजेडात धरून बघा.

बजेट करताना

- आधी ओटा, वाचायची जागा, आरसा आणि बाथरूमची वाट इथले दिवे. हे पैसे बाजूला काढूनच पुढे जा.
- मग रोज बसायच्या खुर्च्या. ज्यांना गुडघेदुखी, पाठदुखी आहे त्यांना दुकानात सोबत न्या आणि दहा मिनिटं बसवून उठवा.
- त्यानंतर एका खोलीसाठी एक बोलकी वस्तू. घाई नको, वर्षभर थांबलात तरी घर अडत नाही.
- सगळा सेट एकदम घेऊ नका. जागा रिकामी दिसली तरी दिसू दे. रिकामी जागाही घराची शोभाच असते.
- वायरिंगच्या वेळीच खुर्च्यांशेजारी, पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग पॉइंट मागून घ्या. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.
- घर भाड्याचं असेल तर उभे दिवे, टेबलावरचे दिवे आणि झोपाळ्याऐवजी चांगली खुर्ची घ्या. घर बदललं तरी त्या सोबत येतात.

त्या मैत्रिणीकडे गेल्या आठवड्यात पुन्हा जाणं झालं. झुंबर तिथेच होतं, पण संध्याकाळचे सात वाजून गेले तरी ते लागलं नव्हतं. सोफ्याचा एक भाग तिने मुलाच्या खोलीत हलवला होता. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात खिडकीशी एक वेताची खुर्ची, उंच बैठकीची, भक्कम हातांची. शेजारी एक उभा दिवा. खुर्ची माहेरच्या माळ्यावरून आणलेली, वेत नव्याने विणून घेतलेला. खुर्चीत सासूबाई बसून पोथी वाचत होत्या.

‘‘अगं, ही तर तुझ्यासाठी आणली होतीस ना?’’ मी विचारलं.

‘‘हो, माझीच आहे. त्यांची वेळ सात ते आठ, माझी साडेनऊनंतर,’’ ती म्हणाली. ‘‘आणि आत ये, तुला ओट्यावरचा दिवा दाखवते. बटण दाबलं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, फरशी किती डागाळलीय ते!’’

आम्ही दोघी हसलो. चहा झाला. या वेळी कप घेऊन ती सगळ्यांच्या मध्ये येऊन बसली.

तुमच्या घरातली सर्वांत चांगली खुर्ची कोणती हो? आणि आज संध्याकाळी त्यावर कोण बसणार आहे?